सलाम आधी कोणी करायचा?

आमच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस सकाळी फाटकावर उभे राहण्याची पाळी माझ्याकडे असते. शाळेत मराठी आणि उर्दू अशी दोन्ही माध्यमे आहेत आणि मी दोन्हीकडे भाषा शिकवतो. बी.एड.च्या वर्षी आम्हाला 'अशाब्दिक संप्रेषण' नावाचा एक घटक होता. शिक्षकाने वर्गात कसे उभे राहावे, हातवारे किती करावेत, नजर कशी फिरवावी, हे सगळे त्यात होते. मुले कशी उभी राहतात, हे पाहायला मात्र कोणी सांगितले नव्हते. ते मी फाटकावर शिकलो.

उर्दू वर्गातली मोठी मुले हातात हात घेऊन सलाम करतात आणि मग उजवा हात छातीला लावतात. मुली दुपट्टा सावरत, हात न उचलता, जेमतेम ऐकू येईल असा सलाम करतात. मराठी वर्गातली मुले 'नमस्ते सर' म्हणतात, पण हात जोडेपर्यंत पाय पुढे गेलेले असतात. संध्याकाळी निघताना मराठी मुले 'येतो सर' म्हणतात, 'जातो' कोणी म्हणत नाही. उर्दूची मुले 'अल्लाह हाफिज' म्हणतात. आमच्या लहानपणी घरात 'खुदा हाफिज' होते.

या सगळ्यांत एक मुलगा काहीच म्हणत नसे. आठवीत होता, धडगावकडच्या पाड्यातला, वसतिगृहात राहायचा. मी दिसलो की तो वाटेतून बाजूला व्हायचा, मान खाली घालायचा आणि मी पुढे जाईपर्यंत तसाच उभा राहायचा. मला तो उद्धटपणा वाटला. एकदा वर्गात मी त्याला उभे केले आणि म्हणालो, "वर बघ. नमस्ते म्हणायला तोंड नाही का?" वर्ग हसला. त्याने वर पाहिले नाही.

पुढे दोन महिन्यांनी त्याचे आजोबा बोनाफाईडसाठी आले. कार्यालयाच्या दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या आणि आत येऊन भिंतीला लागून उभे राहिले, मान खाली. "बाबा, बसा," म्हटले तर खुर्ची सोडून जमिनीवर बसू लागले. नातू त्यांच्या शेजारी अगदी तसाच उभा होता. तेव्हा मला कळले की ज्याला मी उद्धटपणा म्हणत होतो, ती या घराने जपलेली अदब होती. वनखात्याचा माणूस, सावकार, पाटील, साहेब आला की असे उभे राहायचे, हे शरीराला दोन-तीन पिढ्यांपूर्वी शिकवले गेले होते.

पण निघताना त्या आजोबांनी हात जोडले आणि म्हणाले, "आपकी जय." आणि नातवाला हाक मारली तीही 'आप' म्हणून.

उर्दूच्या शिक्षकाला हा शब्द ऐकून थांबावेच लागते. तू, तुम, आप ही आदराची पायरी आम्ही पाचवीपासून शिकवतो. ती सातपुड्याच्या पायथ्याशी कशी पोहोचली, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. तळोदा तालुक्यातील मोरवड, म्हणजे आजचे रंजनपूर, येथे 1930 च्या दशकात भिल्ल समाजातले संत गुलाम महाराज होऊन गेले. दारू सोडा, स्वच्छ राहा, सोमवारी आरतीला जमा, असे ते सांगत. त्याबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : प्रत्येकाला 'आप' म्हणा. बायकोला, मुलालाही. भेटल्यावर 'आपकी जय' म्हणा. 1938 मध्ये ते वारले, त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले.

यात काय मोठे, असे वाटेल. पण ज्यांना गावचा पाटीलही 'अरे'च म्हणत असे, त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणणे म्हणजे काय, याचा विचार करावा. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात सालदाराला नावाने हाक मारणेही जास्त समजले जाई. 1970 नंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने जमिनीचा आणि मजुरीचा लढा उभा राहिला, तो याच भागात. त्याच्या आधी तीन दशके इथल्या माणसांनी एकमेकांना आदराने हाक मारायला सुरुवात केली होती. आणि ज्यांनी सर्वांना 'आप' केले त्यांचे नाव 'गुलाम' असावे, हे मी उर्दूच्या वर्गात मुद्दाम सांगतो.

अभिवादन ही क्षुल्लक बाब नव्हती, याचे पुरावे महाराष्ट्राच्या इतिहासात आहेत. 1779 साली मुंबईच्या कंपनी सरकारने सोनार समाजाच्या प्रमुखाला कळवले की सोनारांनी 'नमस्कार' या पद्धतीने अभिवादन करू नये. तक्रार पुण्याच्या ब्राह्मणांची होती आणि अंमलबजावणी इंग्रजांची. दोन हात जोडायचे की नाही, यावर सरकारला हुकूम काढावा लागला. महार समाजाच्या वाट्याला 'जोहार' आला होता, तोही लांबून आणि वाकून. संत एकनाथांनी जोहारावर भारुडे रचली, इतका तो ओळखीचा होता. पुढे कामठीचे बाबू हरदास यांनी 'जय भीम' हे अभिवादन रुजवले. मुसलमान एकमेकांना सलाम करतात आणि त्याला ठरलेले उत्तर असते, हे पाहून त्यांना अशा अभिवादनाची कल्पना सुचली, अशी आठवण सांगितली जाते. आणि आज 9 ऑगस्टला नंदुरबारच्या मिरवणुकीत आदिवासी मुले मान ताठ ठेवून 'जय जोहार' म्हणतात. एकेकाळी ज्या शब्दाबरोबर कंबर वाकत असे, तोच शब्द आता छाती पुढे काढून उच्चारला जातो.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. आम्ही मुसलमान अभिमानाने सांगतो की सलाममध्ये उच्च-नीच नाही, वाकणे फक्त अल्लाहपुढे. तत्त्व खरे आहे. पण अकबराच्या दरबारातील कुर्निश आणि तस्लीम यांचे वर्णन आईन-ए-अकबरीत आहे : हात कपाळाला लावून मान झुकवायची, किंवा हाताची पाठ जमिनीला टेकवून, सावकाश उठून, तळवा डोक्यावर ठेवायचा. बादशहापुढे सजदाही होत असे, तो शाहजहानने 1628 मध्ये गादीवर येताच बंद केला. बाकीचे वाकणे चालूच राहिले. आजही आपल्या मोहल्ल्यात पिंजारी किंवा खाटीक आधी सलाम करतो आणि मोठ्या घरचा माणूस मान हलवून उत्तर देतो, हे आपण पाहतो आणि बोलत नाही.

धाकट्याने मोठ्याला सलाम करावा, ही हदीस आम्हा शिक्षकांना तोंडपाठ असते. त्याच शिकवणीत वाहनावर बसलेल्याने पायी चालणाऱ्याला सलाम करावा, असेही आहे. पैगंबर (स.) मुलांजवळून जाताना स्वतः त्यांना सलाम करीत, हेही हदीसमध्ये आहे. मी शाळेत मोटारसायकलवर येतो. मुले पायी येतात. माझ्याच धर्माच्या हिशेबाने त्या मुलाचा सलाम माझ्यावर उधार होता, आणि तो वसूल करायला मी त्यालाच भर वर्गात उभे केले होते.

त्या दिवसानंतर मी त्याची माफी मागितली, तीही वर्गासमोर, कारण अपमानही वर्गासमोरच केला होता. फाटकावर आता आधी मीच बोलतो. उर्दूच्या मुलांना सलाम, मराठीच्या मुलांना नमस्ते, वसतिगृहाच्या मुलांना 'आपकी जय' किंवा 'जय जोहार', ज्याला जे आवडेल ते. एका सहकाऱ्याने 'अशाने मुले डोक्यावर बसतील' असे बजावले. अजून तरी कोणी बसलेले नाही.

तो मुलगा लगेच बदलला, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. बरेच दिवस तो बाजूला होऊन उभाच राहायचा. मग मान खाली ठेवूनच ओठ हलू लागले. दिवाळीच्या सुटीत घरी जाताना तो काळी-पिवळीच्या मागच्या फळीवर बसला होता. गाडी सुटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले आणि दांडा धरलेल्या हाताची दोन बोटे उचलली. तोंडाने काही म्हणाला नाही. मीही छातीला हात लावला.

आम्ही मराठीत 'आपण' शिकवतो तेव्हा मुले नेहमी गोंधळतात. आपण म्हणजे 'तुम्ही' आदराने, आणि आपण म्हणजे 'तुम्ही आणि मी' मिळूनही. उर्दूच्या 'आप'ला हा दुसरा अर्थ नाही. यंदा हा धडा मी गुलाम महाराजांपासून सुरू केला. समोरच्याला 'आप' म्हटल्याशिवाय दोघांचे 'आपण' होत नाही, एवढे मुलांना समजले तरी व्याकरणाचा तो तास वाया गेला नाही, असे मी समजेन.