पद्मेवरचा पूल आणि पाच कोटी डॉलर्सचं कंत्राट

‘टेंडर’ हा शब्द आपल्याला ‘निविदा’पेक्षा जवळचा आहे. टेंडर निघतं, टेंडर भरतात, टेंडर मॅनेज होतं, आणि शेवटी ज्याला मिळायचं त्यालाच ते मिळतं, अशी आपली साधारण समजूत. कॉलेजात सिव्हिलवाल्या मित्रांना टेंडर नावाचं प्रकरण अभ्यासाला होतं तेव्हा आम्ही कॉम्प्युटरवाले त्यांना हसायचो. नोकरी लागल्यावर सहा महिने प्रपोझल टीममध्ये काढले आणि कळलं की आपलं आरएफपी म्हणजे तेच टेंडर, फक्त टाय लावून आलेलं!

तर या वीकेंडला एका टेंडरचा इतिहास. बांगलादेशातल्या पद्मा नदीवरच्या पुलाचा. यात जागतिक बँक आहे, कॅनडाचे पोलीस आहेत, तीन देशांतले वकील आहेत, आणि एक साधा प्रश्न आहे: लाच ठरली होती की नव्हती? या प्रश्नाचं सगळ्यांना मान्य होईल असं उत्तर आजपर्यंत मिळालेलं नाही. का मिळालं नाही, ते बघण्यासारखं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. जागतिक बँक किंवा आशियाई विकास बँक पूल बांधत नाही, ती कर्ज देते. टेंडर काढतं ते कर्ज घेणारं सरकारच. पण नियम बँकेचे. मोठ्या कंत्राटात पूर्वपात्रता यादी, निविदेचा मसुदा, छाननीचा अहवाल, कोणाला काम द्यायचं ती शिफारस, या प्रत्येक पायरीवर बँकेची ‘हरकत नाही’ अशी चिठ्ठी लागते. ती आली नाही तर गाडी पुढे सरकत नाही. निर्णय सरकारचा, शिक्का बँकेचा. काही बिनसलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

बरीच वर्षं बँक भ्रष्टाचार हा शब्दही उच्चारायची नाही. तो ‘राजकीय’ विषय, आणि बँकेच्या घटनेनुसार राजकारण वर्ज्य. १९९६ साली बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी वार्षिक सभेत भ्रष्टाचाराला कॅन्सर म्हटलं आणि वारं फिरलं. मग कंपन्यांवर बंदी घालण्याची पद्धत आली, स्वतंत्र चौकशी विभाग आला. २०१० साली पाच मोठ्या विकास बँकांनी करार केला, की एकीनं काळ्या यादीत टाकलेल्या कंपनीला बाकीच्यांनीही दार बंद करायचं. म्हणजे पद्मेचं प्रकरण घडलं तेव्हा बँकेच्या हातात नवंकोरं हत्यार होतं.

आता नदीकडे येऊ. आपली गंगा बांगलादेशात शिरली की पद्मा होते. पुढे तिला जमुना, म्हणजे आपली ब्रह्मपुत्रा, येऊन मिळते. ढाक्याच्या नैर्ऋत्येला मावा नावाचं ठिकाण आहे, तिथे या दोन्ही नद्यांचं पाणी एकत्र वाहतं. पलीकडे देशाचे २१ जिल्हे. ढाक्याला यायचं तर फेरीबोट. धुकं पडलं, पूर आला की घाटावर ट्रकांच्या रांगा. जमुनेवरचा पूल १९९८ साली झाला होता, तोही जागतिक बँक, आशियाई बँक आणि जपानच्या कर्जातून. त्यामुळे पद्मेचाही तसाच होईल असं सगळ्यांनी धरलं होतं.

२००१ साली शेख हसीना यांनी मावाला कोनशिला बसवली. २००७ मध्ये १०,१६१ कोटी टाक्यांच्या आराखड्याला मंजुरी मिळाली. नंतर पुलात रेल्वेही घातली गेली, डिझाइन बदललं, आणि २०११ मध्ये अंदाज २०,५०७ कोटी टाक्यांवर गेला. एप्रिल २०११ मध्ये जागतिक बँकेनं १२० कोटी डॉलर्सच्या करारावर सही केली. पाठोपाठ आशियाई विकास बँक, जपान आणि इस्लामिक विकास बँक. जागतिक बँकेचं कर्ज तर ४० वर्षांचं, आणि वर्षाचा आकार पाऊण टक्का. आपल्या होम लोनकडे बघितलं तर रडू येईल असा दर!

आणि इथेच माशी शिंकली.

आरोप मुख्य पुलाच्या कंत्राटाबद्दल नव्हता, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आरोप होता देखरेख करणाऱ्या सल्लागाराच्या कंत्राटाबद्दल. किंमत साधारण पाच कोटी डॉलर्स. जवळजवळ तीनशे कोटी डॉलर्सच्या प्रकल्पात दोन टक्केसुद्धा नाही. मग एवढा गहजब कशाला?

मला यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे सल्लागार निवडण्याची पद्धत. सिमेंट घ्यायचं असेल तर सगळ्यात कमी भाव लावेल त्याचं घ्या, प्रश्न मिटला. पण सल्लागार म्हणजे माणसं. तिथे आधी तांत्रिक प्रस्तावाला गुण देतात: कंपनीचा अनुभव, कामाची पद्धत, आणि मुख्य माणसांचे बायोडेटा. त्यात पास होतील त्यांचीच किमतीची पाकिटं उघडतात, आणि शेवटच्या बेरजेत तांत्रिक गुणांचं वजन जास्त. क्लायंटला पाठवण्याआधी रेझ्युमेला इस्त्री कशी करतात हे आपल्या क्षेत्रातल्या कोणाला सांगायला नको. एखाद्याच्या अनुभवाला ८५ द्यायचे की ७८, हे समितीच्या मनावर. म्हणजे निकाल फिरवायला जागा आहे, आणि कागदावर त्याचा मागमूस राहत नाही.

दुसरी म्हणजे या सल्लागाराचं काम. कंत्राटदारानं पाइल किती खोल नेला ते मोजायचं, बिलं तपासायची, वाढीव कामाच्या मागण्या मान्य करायच्या की नाही ते सांगायचं. म्हणजे हा शेताभोवतीचं कुंपण. कुंपणानंच शेत खाल्लं तर नुकसान पाच कोटींचं नसतं, सगळ्या शेताचं असतं.

कॅनडाची एसएनसी-लाव्हालिन ही बडी कंपनी या कामाच्या स्पर्धेत होती. काम मिळण्यासाठी बांगलादेशातल्या अधिकाऱ्यांना टक्केवारी द्यायचं तिच्या लोकांनी ठरवलं होतं, अशा टिपा बँकेकडे आल्या. बँकेनं त्या कॅनडाच्या पोलिसांना दिल्या. सप्टेंबर २०११ मध्ये पोलिसांनी कंपनीच्या ऑफिसवर छापा घातला आणि बँकेनं पैसे रोखले. दळणवळण मंत्री सय्यद अबुल हुसेन यांचं खातं बदललं गेलं. जून २०१२ च्या अखेरीस बँकेनं कर्जच रद्द केलं. जुलैमध्ये मंत्र्यांनी राजीनामा दिला. आरोप त्यांनी नेहमीच नाकारला.

सप्टेंबरमध्ये बँक अटी घालून परत आली. चौकशी बांगलादेशच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगानं करायची, पण ती नीट होते की नाही हे बँकेचं बाहेरचं पॅनेल बघणार. प्रमुख कोण, तर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे माजी सरकारी वकील लुईस मोरेनो ओकाम्पो. डिसेंबरमध्ये आयोगानं सात जणांवर गुन्हा नोंदवला. त्यात माजी मंत्र्यांचं नाव नव्हतं, पॅनेलला ते पटलं नाही. जानेवारी २०१३ च्या शेवटी बांगलादेशनंच सांगून टाकलं की तुमचं कर्ज नको.

ढाक्यात तेव्हा एक युक्तिवाद सतत ऐकू यायचा: बँकेनं एक पैसासुद्धा दिला नव्हता, तर भ्रष्टाचार झाला कसा? ऐकायला बिनतोड वाटतो. पण बँकेच्या नियमात लाच देऊ करणं किंवा मागणं एवढंही पुरे असतं. पैसे हातात पडावे लागत नाहीत. घर फोडायचा बेत ठरला आणि कुलूप तुटलं नाही, म्हणून बेतच नव्हता असं होत नाही. अर्थात, बेत होता हे दाखवावं लागतं. आणि पुढचा गुंता तिथेच आहे.

एप्रिल २०१३ मध्ये एसएनसी-लाव्हालिननं बँकेशी तडजोड केली. कंपनीवर आणि तिच्या शंभरावर उपकंपन्यांवर १० वर्षांची बंदी, पद्मेच्या आणि कंबोडियातल्या एका प्रकल्पाच्या संदर्भात. तडजोडीत ठरलेली ही तोवरची सगळ्यात लांब बंदी होती. वाचणाऱ्याला वाटेल, झालं सिद्ध!

थांबा. सप्टेंबर २०१४ मध्ये बांगलादेशच्या आयोगानं पुरावा नाही म्हणून केस बंद केली. आणि कॅनडात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, कंपनीचे माजी अधिकारी आणि एक उद्योजक अशा तिघांची निर्दोष मुक्तता झाली. महिनाभर आधी न्यायाधीशांनी फोन टॅपिंगचा पुरावा बाद ठरवला होता. टॅपिंगची परवानगी ज्या माहितीवर घेतली ती अटकळ, गप्पा आणि अफवा यापलीकडे जात नाही, असा त्यांच्या निर्णयाचा रोख होता. टॅपिंग गेल्यावर सरकारी वकिलांनी पुढे पुरावाच मांडला नाही.

ढाक्यात जल्लोष: बघा, सगळं खोटं होतं!

माझ्या मते दोन्ही बाजूंचे लोक इथे घसरतात. बँकेची फूटपट्टी असते ‘झालं नसण्यापेक्षा झालं असण्याची शक्यता जास्त’. ५१ टक्के म्हणा ना. कोर्टाची फूटपट्टी असते ‘वाजवी संशयापलीकडे’. एकच वस्तू दोन पट्ट्यांनी मोजली तर दोन आकडे येणारच, आणि त्यासाठी कोणी खोटं बोलायची गरज नाही. बंदी म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे. आणि पुरावा बाद झाल्यानं झालेली सुटका म्हणजे टेंडर स्वच्छ होतं याचा दाखलाही नव्हे.

मग खरं काय ते कोणाला विचारायचं? बँकेच्या चौकशी अधिकाऱ्यांना! टिपा त्यांच्याकडे आल्या होत्या. आरोपींनी नेमकी तीच मागणी केली, की यांचे कागद आम्हाला द्या. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०१६ मध्ये निकाल लागला: बँकेच्या दप्तराला आणि कर्मचाऱ्यांना आंतरराष्ट्रीय करारानुसार संरक्षण आहे, सक्ती करता येणार नाही. कायद्यानं ते बरोबरच असेल. खबऱ्यांची नावं उघडी पडू लागली तर उद्या कोण टिप देईल? पण परिणाम असा झाला, की ज्या माहितीवर १२० कोटी डॉलर्सचं कर्ज रद्द झालं तिची उलटतपासणी कुठल्याच कोर्टात झाली नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीमनं एरर दाखवली, सर्व्हर बंद केला, आणि लॉग फाइल मागितली तर म्हणे परवानगी नाही.

पूल मात्र झाला. सरकारनं आपल्या बजेटमधून पूल प्राधिकरणाला ३५ वर्षांसाठी १ टक्का दरानं कर्ज दिलं. २०१४ साली मुख्य पुलाचं १२,१३३ कोटी टाक्यांचं कंत्राट चीनच्या मेजर ब्रिज इंजिनिअरिंग कंपनीला गेलं. पात्र कंपन्या एकापेक्षा जास्त होत्या, पण किमतीचं पाकीट एकाच कंपनीनं टाकलं. एक पाकीट म्हणजे घोटाळा असं मुळीच नाही. पण ‘असं का झालं?’ हे विचारायला आता बाहेरचं कोणी टेबलावर नव्हतं.

इंजिनिअर म्हणून मात्र सलाम करावासा वाटतो. ६.१५ किलोमीटर लांबी, ४१ गाळे, प्रत्येक १५० मीटरचा, वर रस्ता आणि खाली रेल्वे. तळ इतका मऊ की तीन मीटर व्यासाचे पोलादी पाइल शंभर मीटरहून खोल न्यावे लागले, आणि काम चालू असताना २२ खांबांच्या पायाचं डिझाइन बदलावं लागलं. तज्ज्ञ पॅनेलचे प्रमुख प्राध्यापक जमिलुर रझा चौधरी एप्रिल २०२० मध्ये गेले. शेवटचा गाळा त्याच वर्षी १० डिसेंबरला बसला. २५ जून २०२२ ला पूल खुला झाला. तेव्हा धरलेला एकूण खर्च ३०,१९३ कोटी टाका, २००७ च्या आकड्याच्या जवळपास तिप्पट. त्यातलं किती रेल्वेमुळे, किती जमिनीमुळे आणि नदीच्या काठांमुळे, आणि किती उशिरामुळे, यावर वाद घालणारे आजही घालतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना यांचं सरकार गेलं, आणि २०२५ मध्ये त्याच आयोगानं तीच बंद केलेली फाईल पुन्हा उघडली. सरकार एक असताना पुरावा नाही, दुसरं आल्यावर चौकशी हवी. उद्या या आयोगानं काहीही निष्कर्ष काढला तरी अर्धे लोक विश्वास ठेवणार नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

टेंडरचे नियम, तीन पाकिटं, गुणपत्रिका, हरकत नसल्याच्या चिठ्ठ्या, हे सगळं वेळखाऊ आहे आणि आपण त्याला यथेच्छ शिव्या घालतो. मीही घालतो. पण मुळात ते असतं ते नंतर कोणी विचारलं तर उत्तर देता यावं म्हणून. पद्मेच्या बाबतीत नियम पाळले गेले, मोडल्याचा आरोप झाला, शिक्षा झाली, सुटका झाली, आणि टोल भरून पलीकडे जाणाऱ्या माणसाला उत्तर कोणीच दिलं नाही. ना वॉशिंग्टननं, ना ढाक्यानं, ना टोरोंटोच्या कोर्टानं. त्या कर्जाची आणि त्या टोलची परतफेड करणारा मात्र तोच.

असो. पुढच्या वेळी पेपरात ‘जागतिक बँकेच्या निकषांनुसार पारदर्शक निविदा’ असं वाचलंत, तर एवढंच विचारा: उद्या शंका आली तर कागद कोण दाखवणार, आणि कोणाला?