करप्याला न भिणारा बटाटा : एक जुनी हकीगत



मुंबईला हार्बर गाडीनं गेला असाल, तर रे रोड स्टेशन तुम्ही पाहिलं असेल. १९१० साली डिसेंबरात कुर्ल्याहून ही लाईन सुरू झाली, तेव्हा ती या स्टेशनावरच संपत असे. पलीकडे बंदराचे धक्के आणि गोदामे. तुम्ही म्हणाल, बटाट्याच्या पत्रकात रे रोड कशाला? सांगतो. त्या काळी आपल्याकडच्या लागवडीला इटलीचे बेणे बोटीने मुंबई बंदरात येत असे. १९०६ च्या सुमारास त्याच बेण्यातून बटाटा पोखरणारी पाकोळी या देशात उतरली, ती आजवर गेलेली नाही. पुढे १९१४ साली रोग-किडींना अटकाव करणारा कायदा झाला. आज रे रोडपासून दुसरे स्टेशन शिवडी. तिथं हाजी बंदर रस्त्यावर परदेशी बेणे-रोपे तपासणारे केंद्र सरकारचे केंद्र आहे.

करपा मात्र त्याच्या आधीच येऊन बसला होता. १८७० ते १८८० च्या दरम्यान तो निलगिरीत दिसला. पानाच्या कडेला पाणी शोषल्यासारखे काळपट डाग, सकाळी पानाखाली पांढरी बुरशी, आणि चार दिवस धुके-रिमझिम राहिली की उभे पीक उकडल्यासारखे. हाच तो उशिरा येणारा करपा. पेठ, कुरवंडीच्या पठारावर खरिपाचा बटाटा लावणाऱ्यांना त्याची ओळख करून द्यायला नको.

या रोगानं १८४५ पासून आयर्लंडात काय केलं ते ऐका. गरीब कुळे बटाट्यावरच जगत, आणि तोही बहुतेक ‘लम्पर’ या एकाच जातीचा. बटाटा डोळ्यापासून वाढतो, म्हणून एका जातीची सगळी झाडे म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या समजा. एक पडले ते सगळे पडले. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. परक्या सरकारची अनास्था होतीच, पण सुरुवात पानावरच्या डागानं झाली.

मग शास्त्रज्ञांनी रानातले भाऊबंद शोधले. मेक्सिकोच्या डोंगरात ‘सोलॅनम डेमिसम’ नावाचा रानबटाटा आहे. त्याला करपा लागत नाही असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात सालामन यांना दिसले. त्याच्याशी संकर करून प्रतिकाराची अकरा जनुके ओळखली गेली. जनुक म्हणजे वंशातून उतरणारा गुण. हे जनुक राखणदारासारखे काम करते. बुरशी पानात शिरली की तिला ओळखते, आणि तेवढ्या पेशी स्वतःच मरून तिचा रस्ता बंद करतात. पण हा राखणदार एकाच चोराचा चेहरा ओळखणारा! चोराने वेश पालटला की तो डोळे उघडे ठेवून त्याला आत सोडतो. करप्याला वेश पालटायला फार वर्षे लागत नाहीत.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९६८ साली ‘कुफरी ज्योती’ दिली. करप्याला टिकणारी म्हणून तिचं नाव झालं आणि मंचरच्या बाजारात पंजाबचे बेणे येऊ लागले तशी ती आपल्याकडेही रुळली. जात खरोखर चांगली, यात शंका नाही. पण तिच्यातली मेक्सिकोची जनुके रोगाने केव्हाच ओळखून टाकली. तरी अजून काही जण म्हणतात, “आमची ज्योती आहे, फवारा कशाला?” बाबांनो, ही वडिलांच्या काळची गोष्ट झाली. युरोपात २००४ मध्ये आढळलेली करप्याची एक आक्रमक जात पुढे दक्षिण भारतात टोमॅटोवर आणि बटाट्यावर पसरली. २०१३-१४ च्या हंगामात बंगालच्या बटाट्याची तिनं दैना केली. मेटॅलॅक्सिल हे औषधही तिला पुरते लागू पडत नाही.

मेक्सिकोच्याच दुसऱ्या एका रानबटाट्यातले ‘आरबी’ हे जनुक २००३ साली वेगळे काढण्यात आले. ते बऱ्याच जातींच्या करप्याला ओळखते. सिमल्याला ते कुफरी ज्योतीत उतरवूनही पाहिले, पण ते वाण अजून लागवडीला मिळालेले नाही. २००८ ची ‘कुफरी गिरधारी’ करप्याला चांगली टिकते, पण ती डोंगरी मुलखासाठी आहे.

तोवर यंदाच्या खरिपात बेणे कापताना आत तांबूस-तपकिरी कुजका भाग दिसला तर तो बटाटा बाजूला काढून पुरून टाका, बांधावर फेकू नका. टोमॅटो शेजारी असेल तर त्याच्यावरही नजर ठेवा, कारण रोग एकच. धुके धरू लागले की डाग दिसायची वाट न बघता दहा लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम मॅन्कोझेब घालून पानांच्या खालून-वरून फवारा. पहाटे दव असताना शेतात एक चक्कर मारा, पांढरी बुरशी त्याच वेळी नजरेला पडते.