घंटा घाटावर आली, समुद्र खालीच राहिला

नाशिकच्या पंचवटीत नारोशंकराच्या मंदिराच्या दर्शनी तटावर एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. मंदिर १७४७चं, घंटेवर साल १७२१. ती मुळात चर्चची. वसईच्या विजयाची खूण म्हणून ती इथे आली. आम्हा देवळ्याकडच्या लोकांना नारोशंकर माहीत असतात ते मालेगावच्या भुईकोटामुळे. मोसमकाठचा तो किल्लाही त्यांचाच.

वसईचा मुलूख पोर्तुगीजांना १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाला. उल्हास खाडीच्या मुखाशी त्यांनी दहा बुरुजांचं तटबंद शहर उभं केलं. आत चर्च, मठ, वाडे. एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे. मुख्य भरवसा समुद्राकडच्या दरवाजावर, कारण दाणागोटा, दारूगोळा आणि कुमक जहाजांनी येणार.

१७३९च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पांनी वेढा घातला तो जमिनीच्या अंगाने. तटाखाली भुयारं खणून सुरुंग पेरले. खणणाऱ्यांवर वरून गोळे आणि जळते पदार्थ पडत होते. हजारो माणसं कामी आली. मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं आणि किल्लेकऱ्यांनी तहाची बोलणी लावली. त्यांना शस्त्रांसह, मालमत्तेसह जाऊ दिलं गेलं. अर्थात, जहाजांनीच.

शौर्याबद्दल शंका नाही. पण ही जमिनीवरच्या फौजेने जमिनीच्या रीतीने जिंकलेली लढाई होती. विजयानंतर घंटा घाट चढून आल्या: नाशिकला, भीमाशंकरला, मेणवलीला. समुद्राचं महत्त्व मात्र तेवढं वर पोचलं नाही. १७५६ साली तुळाजी आंग्र्यांना नमवण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गाच्या बंदरात मराठी आरमार जळून गेलं. १७८०मध्ये जनरल गॉडर्डने वसई घेतली. सालबाईच्या तहाने ती परत मिळाली, पण शेजारची साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

१८०२च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव कोकणात उतरले आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईला आले. ३१ डिसेंबरला तिथेच त्यांनी तैनाती फौजेचा तह केला. चिमाजी अप्पा त्यांचे सख्खे चुलत आजोबा. आजोबांनी सुरुंग लावून घेतलेल्या गावात नातू परक्याच्या जहाजातून पोचला. मधे फक्त ६३ वर्षं गेली होती.