चार भिंतींतले अंगण : चिमुरड्यांना क्रीडाकेंद्रात नेताना

ठाण्याच्या पोखरण रस्त्यालगतचा परिसर एकेकाळी कारखान्यांच्या भोंग्यांवर चालत असे. जेकेग्राममधील रेमंडची गिरणी २००९ मध्ये बंद झाली, इतर कारखान्यांच्या जागी निवासी संकुले उभी राहिली आणि वर्तकनगरातील म्हाडाच्या जुन्या, ठेंगण्या इमारतींच्या पुनर्विकासातून टोलेजंग मनोरे आले. माणसे वाढली, तळमजल्याचे अंगण मात्र मोटारींच्या वाहनतळात हरवले. द्रुतगती महामार्गावर २००९ मध्ये कोरम आणि २०१३ मध्ये विव्हियाना (आताचा लेक शोअर) हे मॉल सुरू झाले. तासाच्या हिशेबाने पैसे घेऊन लहानग्यांना उड्या मारू देणारी बंदिस्त क्रीडाकेंद्रे शहरांत रुजली ती याच मॉलसंस्कृतीच्या सोबतीने. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, उपवन तलावाचा काठ चिखलाने भरलेला असताना, ती अनेक पालकांना आधार वाटतात.

या केंद्रांची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते : फोमचे मऊ ठोकळे, जाळीचे बोगदे, घसरगुंड्या, ट्रॅम्पोलिन आणि रंगीत चेंडूंचा हौद. चेंडूंच्या हौदाची कल्पना १९७० च्या दशकातील. तिचे श्रेय एरिक मॅकमिलन या रचनाकाराला दिले जाते. कांद्याच्या लोणच्याची बरणी पाहून ती सुचली, असेही सांगतात.

आधी दार पाहावे

तिकीट काढण्यापूर्वी पालकांनी खेळणी नव्हे, तर बाहेर पडण्याच्या वाटा पाहाव्यात. २५ मे २०२४ रोजी राजकोट येथील टीआरपी गेम झोनला लागलेल्या आगीत २७ जणांचा बळी गेला. त्यांत लहान मुलेही होती. तेथे अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखलाच नव्हता, हे नंतर उघड झाले. सुट्टीच्या दिवशी सवलतीच्या तिकिटावर गर्दी केलेल्या कुटुंबांपैकी किती जणांनी तो मागितला असता, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. फोम, रबर आणि प्लास्टिक हे पदार्थ झपाट्याने पेटतात व दाट विषारी धूर सोडतात. जाळीच्या बोगद्यात शिरलेले तीन वर्षांचे मूल हाक मारताच बाहेर येतेच असे नाही, आणि मोठ्या माणसाला तेथे सहज शिरताही येत नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, सादर करायचे असते. ते पाहण्यास मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. दुसरा दरवाजा आहे का, तो कुलूपबंद तर नाही, त्याच्यासमोर खुर्च्या वा खोकी रचलेली नाहीत ना, एवढे तर डोळ्यांनीच दिसते. मॉलच्या वरच्या मजल्यावर असलेल्या केंद्रात जिना कोणत्या बाजूला आहे, हे आत शिरतानाच लक्षात ठेवावे.

मऊ गादीवरची इजा

सर्वत्र गाद्या अंथरलेल्या असल्या, तरी हाडे मोडतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये नमूद केल्याप्रमाणे ट्रॅम्पोलिनवरील सुमारे ७५ टक्के इजा एकाहून अधिक जण एकाच वेळी उड्या मारत असताना होतात, आणि वजनाने सर्वांत हलक्या मुलाला धोका जास्त असतो. दहा वर्षांचा मुलगा उतरला की जाळीचा सारा उसळता जोर शेजारच्या चार वर्षांच्या मुलीच्या पायात जातो. सहा वर्षांखालील मुलांना ट्रॅम्पोलिनपासून दूरच ठेवणे श्रेयस्कर. लहानग्यांसाठी वेगळा कप्पा असावा आणि तो केवळ फलकावर नव्हे, तर प्रत्यक्षात वेगळा राखला जावा.

घसरगुंडीबाबत पालकांचे प्रेमच आड येते. मुलाला मांडीवर घेऊन घसरणे सुरक्षित वाटते. पण मुलाचा पाय कडेला अडकला, तर मोठ्या माणसाच्या वजनाच्या वेगामुळे नडगीचे हाड पिरगळून मोडू शकते. मूल एकटे घसरू शकत नसेल, तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी नाही.

गळ्यातला ताईत, काळा दोरा, साखळी, कमरेचा करदोटा, हातातली वाळी हे सारे घरी वा पिशवीत काढून ठेवावे. दोरी जाळीत अडकली, तर गळफास बसण्याची भीती असते. आत शिरणाऱ्या आईनेही ओढणी व मंगळसूत्र सांभाळावे. घसरू नये म्हणून तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे बहुतेक केंद्रांत सक्तीचे असतात व ते तेथेच विकत घ्यावे लागतात. ते जपून ठेवल्यास पुढच्या खेपेचा खर्च वाचतो.

स्वच्छतेचा प्रश्न चेंडूंच्या हौदात सर्वाधिक. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात फिजिओथेरपी केंद्रांमधील अशा हौदांची तपासणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा चेंडूंवर जिवाणूंच्या अनेक जाती आढळल्या. चेंडू कधी धुतले, हे विचारावे. उत्तर चाचरत आले, तर हौद टाळावा. पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या फोडांचा आजार लहानग्यांत फैलावतो. त्याच्या विषाणूवर सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणी अधिक भरवशाचे. ताप, जुलाब वा अंगावर फोड असलेल्या मुलाला तिकीट वाया गेले तरी नेऊ नये.

शनिवार-रविवारची सायंकाळ टाळून आठवड्यातील सकाळ निवडल्यास गर्दी व बहुधा दरही कमी असतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांना पाऊण तास पुरतो. त्यापुढे रडारड सुरू होते आणि धडपडही वाढते. पैसे वसूल करण्यासाठी त्यांना थांबवून ठेवणे अंगाशी येते. मोबाईलमध्ये डोके घातलेले पालक हे अशा केंद्रांतील नेहमीचे दृश्य आहे. केंद्राचे सेवक मुलांवर लक्ष ठेवतातच, या समजुतीवर विसंबता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून किमान १८० मिनिटे हालचाल करावी. महिन्यातून दोनदा क्रीडाकेंद्रात घालवलेला तास त्यात फारसा मोजला जात नाही. शिवाय तेथे सूर्यप्रकाश नाही. चीनमधील ग्वांगझू येथे शाळकरी मुलांना रोज ४० मिनिटे अधिक मैदानात ठेवले असता तीन वर्षांत नव्याने जवळदृष्टीचा दोष ३०.४ टक्के मुलांत आढळला. इतरांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पाऊस उघडलेल्या दिवशी उपवनच्या काठी मारलेली चक्कर फुकटही असते आणि मोज्यांशिवाय होते.