डहाणू-तलासरीचे छापील वाङ्मय आणि त्याचे संपादक

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतील वारली समाजाची वाङ्मयपरंपरा मुख्यतः मौखिक असल्यामुळे, या भूभागाविषयीचे छापील लिखाण बहुधा सांगणारा एक, लिहून घेणारा दुसरा आणि मजकुराला अखेरचे रूप देणारा तिसरा अशा विभागणीतून घडत आले आहे. मुक्त संपादक, म्हणजे कोणत्याही प्रकाशनसंस्थेच्या नोकरीत नसलेला आणि एकेका हस्तलिखितापुरता मानधनावर नेमलेला संपादक, आज या भागातील मजकुरावर जे काम करतो, त्याची पूर्वपीठिका या विभागणीत आहे.

तिचा ठळक आरंभ 1882 साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये दिसतो. मुंबई इलाख्याच्या मालेतील या तेराव्या खंडाचे संपादन जेम्स कॅम्पबेल यांच्याकडे होते, आणि ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून आलेल्या माहितीला एकच भाषा व एकच मांडणी देणे हे त्या कामाचे स्वरूप होते. त्यात वारली हा वर्णनाचा विषय होता, मजकूर तपासणारा वाचक नव्हता. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ 1945 साली निघाला, तोही अभ्यासकांसाठीच.

त्याच वर्षी तलासरीजवळच्या झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठबिगार, म्हणजे मोबदल्याशिवाय सक्तीने करून घेतले जाणारे काम, नाकारण्याचा निर्धार केला. लग्नगडी, म्हणजे लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणारा माणूस, या प्रथेविरुद्धही तोच लढा होता. त्याच्या अग्रभागी असलेल्या गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक 1970 साली मौज प्रकाशन गृहाने प्रसिद्ध केले आणि 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. घटना आणि ग्रंथ यांत पंचवीस वर्षांचे अंतर असूनही पाड्यावरच्या माणसांचे बोलणे त्यात टिकून राहिले, याचे मुख्य श्रेय लेखिकेच्या प्रदीर्घ सहवासाला द्यायला हवे, कारण संपादक कितीही जाणता असला तरी मुळात ऐकलेच गेले नाही ते त्याला पुरवता येत नाही.

गिरगावातील मौज आणि तिच्याशी संलग्न ‘सत्यकथा’ मासिक यांनी श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळात संपादनाला जी प्रतिष्ठा दिली, ती मराठीत अपवादात्मक होती. लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार करणे, पुनर्लेखन सुचवणे आणि प्रसंगी मजकूर परत पाठवणे हा तेथील रिवाज होता, आणि संपादनाचा भार लेखकावर न पडता प्रकाशनसंस्थेवर पडत असे. संस्थेबाहेरून कामापुरता नेमला जाणारा माणूस म्हणजे मुद्रितशोधक. छपाईपूर्वीच्या कच्च्या प्रती तपासून त्याला फर्म्यामागे, म्हणजे साधारणतः सोळा पानांच्या छपाई-घटकामागे, पैसे मिळत. आजच्या मुक्त संपादकाचे व्यावसायिक नाते मौजेच्या संपादकांपेक्षा या उपेक्षित मुद्रितशोधकाशी अधिक जवळचे आहे. ‘सत्यकथा’ 1982 साली बंद पडले. पुढे संगणकीय अक्षरजुळणी आली, स्वखर्चाने पुस्तके काढणे सोपे झाले, आणि संपादक शोधण्याची व त्याचे मानधन देण्याची जबाबदारी अनेकदा लेखकाकडे आली.

मात्र डहाणू तालुक्यातच संपादनाचा एक निराळा आदर्श उभा राहिला होता. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साथीने ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम आरंभले आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर हलवले. ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन करणाऱ्या ताराबाई आणि पुढे संपादनाची धुरा वाहणाऱ्या अनुताई या दोघीही पाड्यांवरच्या अंगणवाड्या आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा प्रत्यक्ष चालवणाऱ्या होत्या. लिहिणारा, तपासणारा आणि राबणारा यांतील अंतर येथे जवळपास नाहीसे झाले, आणि या प्रदेशाच्या वाङ्मयीन इतिहासात ही गोष्ट पुरस्कारांपेक्षा मोठी मानली पाहिजे.

वारली मजकूर हाती घेणाऱ्या मुक्त संपादकापुढचा खरा पेच मौखिक रचनेच्या स्वरूपातून येतो. लग्नविधीत धवलेरी, म्हणजे गाण्यांतून विधी चालवणारी स्त्री, जी गाणी म्हणते त्यांत ओळींची पुनरावृत्ती हाच रचनेचा कणा असतो. प्रमाण मराठीच्या सवयीने ती पाल्हाळ समजून कापली, तर पानावर आशय उरतो पण गाणे उरत नाही. वारली बोलीला परंपरेने स्वतःची लिपी नसून ती देवनागरीत लिहिली जाते; म्हणून एकाच शब्दाची दोन-तीन रूपे समोर येतात, आणि त्यांपैकी कोणते ठेवायचे हा निर्णय संपादकाने एकट्याने घेणे अन्यायाचे ठरते. त्यामुळे अशा कामाच्या करारात केवळ शब्दसंख्या, मुदत आणि मानधन लिहून भागत नाही. संपादित मजकूर सांगणाऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवण्याची एक फेरी त्यात धरावी लागते, त्या फेरीसाठी संपादक आणि सांगणारा या दोघांच्याही वेळेचे पैसे ठरवावे लागतात, आणि मुखपृष्ठावर कोणाचे नाव कोणत्या नात्याने येणार हे काम सुरू होण्यापूर्वीच लिहून घ्यावे लागते.