जखमींचे होन आणि कचेरीचे कर्तव्य

अपंगांच्या चाकरीच्या आणि सोयींच्या प्रश्नाचा धागा जुन्नर तालुक्यातील शिवनेरीशी जुळतो. त्या गडावर जन्मलेल्या राजाने अफझलखानाच्या पारिपत्यानंतर जखमी शिपायांना जखमेचे मान पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिले, आणि रणात पडलेल्यांच्या पुत्रहीन विधवांना निम्मे वेतन बांधून दिले, असे बखरकार सभासद नमूद करतो. या तजविजीत औदार्य होते, जखमेची प्रतवारी लावणारा दप्तरी काटेकोरपणाही होता. मात्र पाय गमावलेल्या शिपायाची चाकरी कायम राहील काय, हा प्रश्न धन्याच्या मर्जीवरच सोडलेला होता. गावगाड्यात जन्मांध वा पांगळ्या मनुष्याची गुजराण तर भावकीच्या मायेवर आणि देवळाच्या पायरीवर चाले.

इंग्रजी अमलात, पहिल्या महायुद्धाच्या काळी, 1917 साली मुंबईत स्थापन होऊन पुढे खडकीस आलेल्या क्वीन मेरी संस्थेने जायबंदी सैनिकांच्या हाती हुन्नर देण्यास आरंभ केला, तेव्हा द्रव्याच्या जागी उद्योग आला. स्वातंत्र्यानंतर 1959 साली अपंगांसाठी खास सेवायोजन कार्यालय मुंबईत उघडले आणि 1977 साली केंद्र सरकारने खालच्या श्रेणींतील नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखल्या. तथापि हे सारे सरकारी हुकुमांचे राज्य होते, आणि हुकूम फिरवावयास दुसरा हुकूम पुरतो.

कायद्याचे बळ आले ते 1995 साली अपंगांसाठी झालेल्या कायद्याने, आणि त्यातील सर्वांत मोलाचे कलम माझ्या मते सत्तेचाळिसावे, कारण शिवकालीन शिपायाचा अनुत्तरित प्रश्न त्याने सोडवला: सेवेत असताना ज्याला अपंगत्व आले त्याला सरकारी आस्थापनेने कामावरून दूर करता कामा नये, त्याला झेपेल अशा पदावर त्याच वेतनश्रेणीने त्याला घ्यावे, आणि असे पद नसेल तर ते मिळेपर्यंत वा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद निर्माण करावे. हीच हमी 2016 च्या कायद्याच्या विसाव्या कलमात उतरली. त्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, सरकारी नोकऱ्यांतील राखीव हिस्सा चार टक्क्यांवर नेला, खाजगी मालकांसह प्रत्येक आस्थापनेस समान संधीचे धोरण लिहून काढणे बंधनकारक केले, आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास पाच वर्षांची मुदत दिली. पहिल्या उल्लंघनास दहा हजारांपर्यंत, पुढील प्रत्येकास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे.

एवढी तरतूद असूनही सुगमतेचे निकष कित्येक वर्षे केवळ शिफारशींच्या रूपात पडून राहिले. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी हे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवून बंधनकारक निकष करण्याचा आदेश दिला.

आता उरतो अंमलबजावणीचा प्रश्न, आणि तो न्यायालयात सुटणारा नव्हे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा पाच टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्चावा असा नियम आहे. उताराची लांबी किती असावी, दाराची रुंदी किती, बहिऱ्या अर्जदाराशी व्यवहार कसा करावा, कामगारांस द्यावयाच्या वाजवी सोयी कोणत्या, हे मात्र करवसुली, पाणीपुरवठा आणि दाखले यांत बुडालेल्या ग्रामसेवकाने किंवा वीसपंचवीस माणसांच्या कारखानदाराने एकट्याने उलगडावे ही अपेक्षा अवास्तव आहे. पुष्कळ ठिकाणी कायदा मोडतो तो वैरभावाने नव्हे, त्याचा अर्थ कोणी समजावून न दिल्याने. म्हणून मालकाच्या आणि कचेरीच्या बाजूस बसून कलमांचे कामात रूपांतर करून देणारा जाणता मनुष्य मला दंड करणाऱ्या अंमलदाराइतकाच आवश्यक वाटतो. पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, परंतु त्याचा हात प्रत्येक गावच्या चावडीपर्यंत पोहोचणे कठीण. जुन्नर-आंबेगावातील ज्या वकिलांनी, अभियंत्यांनी आणि निवृत्त कारकुनांनी आयुष्यभर नियम हाताळले आहेत, त्यांनी आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन, गावातील दिव्यांगांना सोबत बसवून, हे काम हाती घ्यावे, अशी माझी त्यांस विनंती आहे.