दरमहा दोन टक्के

एकोणिसाव्या शतकातील रुपयाच्या घसरणीबद्दल मी काही वर्षे वाचतो आहे. १८७१च्या सुमारास लंडनमध्ये रुपयाला दोन शिलिंगांच्या आसपास भाव मिळे. १८९३-९४मध्ये तो सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला. त्याआधीच, जून १८९३मध्ये, मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणे सरकारने बंद केले होते. या घसरणीला दोन कारणे प्रामुख्याने होती. जर्मनीसारखे देश सोन्याच्या चलनाकडे वळले, आणि अमेरिकेच्या खाणींतून नवी चांदी बाजारात येत राहिली. त्या चांदीचा माग काढत मी पुस्तकांच्या वाटेने नेव्हाडातील व्हर्जिनिया सिटीला पोहोचलो. तिथे मला विल्यम राल्स्टन भेटला.

राल्स्टनचा जन्म १८२६चा, ओहायो प्रांतातला. तरुणपणी त्याने मिसिसिपी नदीवरील आगबोटींवर कारकुनी केली. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर तो पनामात आगबोटींचा एजंट झाला आणि १८५४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आला. त्याने कधी हाती कुदळ घेतली नाही. तो पेढीच्या धंद्यात शिरला. १८६४मध्ये डॅरियस मिल्स अध्यक्ष आणि राल्स्टन कॅशियर, अशी ‘बँक ऑफ कॅलिफोर्निया’ उभी राहिली. तेव्हाचा कॅशियर म्हणजे खिडकीमागे बसून नोटा मोजणारा नव्हे. सारा कारभार त्याच्याच हाती असे.

व्हर्जिनिया सिटीजवळची ‘कॉमस्टॉक’ ही चांदीची शीर १८५९मध्ये उजेडात आली होती. फावडे-घमेले घेऊन आलेल्या माणसाच्या आवाक्यातली ती खाण नव्हती. धातू खोलवर होता, वरची जमीन ठिसूळ होती आणि आत पाणी भरे. फिलिप डायडेशायमर या जर्मन अभियंत्याने १८६०मध्ये लाकडी चौकटी एकावर एक रचून खाण सावरण्याची पद्धत काढली. पण लाकूड, पंप, पाळणे आणि दगड कुटण्याच्या गिरण्या यांना भांडवल लागणारच. म्हणून या खाणींचा इतिहास मला कर्जखात्यांतून अधिक समजला.

राल्स्टनने व्हर्जिनिया सिटीत विल्यम शॅरन हा आपला प्रतिनिधी नेमला. इतर सावकार दरमहा तीन ते पाच टक्के घेत असताना शॅरनने दोन टक्क्यांनी कर्ज दिले. गिरणीवाले रांगेने आले. पुढे धातूचा पुरवठा आटला, हप्ते थकले आणि गहाण पडलेल्या गिरण्या एकेक करून बँकेकडे गेल्या. १८६७मध्ये राल्स्टन, मिल्स आणि शॅरन यांच्या गटाने ‘युनियन मिल अँड मायनिंग कंपनी’ काढून त्या एकत्र केल्या. खाणींच्या संचालक मंडळांवरही त्यांचाच वरचष्मा होता. त्यामुळे धातू आपल्याच गिरण्यांकडे वळवता येई. दळणाचा नफा गटाला मिळे आणि खाणीचा खर्च भागवण्यासाठी वर्गणी मात्र भागधारकांनी भरायची. १८७०च्या जानेवारीत गटाची रेल्वेही व्हर्जिनिया सिटीत पोहोचली आणि वाहतूकही हाती आली. स्वस्त व्याजाने माणूस जसा बांधला जातो, तसा महाग व्याजाने बांधला जात नाही.

तरीही सॅन फ्रान्सिस्को राल्स्टनवर जीव टाकत होते. त्याने नाट्यगृह उभारले, कारखान्यांना पैसा पुरवला. १८७२मध्ये हिऱ्यांच्या एका बनावट खाणीत तो फसला, तेव्हा सोबतच्या गुंतवणूकदारांचे पैसे त्याने पदरचे भरून दिले. मग त्याने सात मजली ‘पॅलेस हॉटेल’ काढले. खर्च पन्नास लाख डॉलरच्या घरात गेला. दरम्यान १८७३मध्ये कॉमस्टॉकचा सर्वांत मोठा साठा लागला, तो गटाबाहेरच्या चार आयरिश भागीदारांना. राल्स्टनने बँकेच्याच पैशातून लाखो डॉलरची उचल केली होती. २६ ऑगस्ट १८७५ रोजी ठेवीदारांची झुंबड उडाली आणि बँकेचे दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवशी संचालकांनी त्याचा राजीनामा घेतला. नित्याप्रमाणे तो खाडीवर पोहायला गेला आणि बुडून मेला. वय ४९. अपघात की आत्महत्या, हा वाद अजून मिटलेला नाही. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले.

इथे माझा अभ्यास तटस्थ राहत नाही. आमच्या गावची पतपेढी बुडाली तेव्हा बंद दारासमोरच्या रांगेत पासबुक घेऊन माझी आई उभी होती. अध्यक्षांनी गावाला सभागृह बांधून दिले होते. ‘माणूस मोठ्या मनाचा हो,’ असे रांगेतलेच कुणी म्हणाले. आई काही बोलली नाही. ते सभागृह कुणाच्या ठेवींतून उभे राहिले, हे तिला ठाऊक होते.

बँक ऑफ कॅलिफोर्निया २ ऑक्टोबर १८७५ रोजी पुन्हा उघडली. मिल्स, शॅरन आदींनी निधी उभा केला आणि ठेवीदार वाचले. पॅलेस हॉटेल शॅरनकडे गेले, आणि तो नेव्हाडातून सिनेटरही झाला. राल्स्टनला लोक ‘सॅन फ्रान्सिस्को घडवणारा माणूस’ म्हणतात, आणि ते खोटे नाही. त्याच्याशिवाय कॉमस्टॉकची चांदी इतक्या लवकर वर आली नसती, असे मलाही वाटते. पण त्या घडणीच्या खर्चाच्या बाजूला दोन टक्क्यांवर गिरणी गमावलेले लोक आहेत, आणि वर्गणी भरत राहिलेले भागधारक आहेत. पॅलेस हॉटेल १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाले. त्याच जागी ते पुन्हा बांधले गेले. गिरणीवाल्यांचे तसे काही उरले नाही. म्हणून पायाभरणी करणाऱ्याचे चरित्र वाचताना मी त्याची गहाणखतेही शोधतो.